मुशीवरची बंदी उठवावी का?

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांत पुष्कळ काही बदलले. आमटीत गूळ वाढला, उंधियू घरचा झाला, मुले घराबाहेर पडली की गुजरातीतच बोलू लागली. पण ज्यांचे मूळ गाव मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी किंवा गोव्याकडे आहे, त्यांच्याकडचा रविवारचा मासळीचा बेत काही सुटला नाही. त्यातही मुशीचे कालवण म्हणजे खास गोष्ट. मालवणात आणि गोव्यात हिलाच मोरी म्हणतात. काटे नाहीत, मांस घट्ट, वाटप भरपूर लागते. घरात बाळंतीण असली की तिच्यासाठी मुद्दाम मोरी आणायची, कारण तिने दूध वाढते असा जुन्या बायकांचा पक्का विश्वास.

काही दिवसांपूर्वी स्नेहभोजनाच्या पंगतीत यावरूनच वाद झाला. एक काका म्हणाले, "मुशी म्हणजे शार्क. शार्क वाघाच्या यादीत आहे. विकत घेतली तर तुरुंगात जाल." दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर आले, "छे हो, ती बंदी केव्हाच उठली. बाजारात उघड विकतात." जेवण संपले तरी वाद संपला नाही. खरे सांगायचे तर दोघेही अर्धे बरोबर होते. त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये जी गोष्ट आहे ती आपल्या किनाऱ्यावर घडलेली आहे. एखाद्या माशाला एकदा संरक्षण दिल्यावर त्याची मासेमारी पुन्हा खुली करावी का, आणि करायची तर कशी, हा प्रश्न समजून घ्यायला तिच्याइतके चांगले उदाहरण नाही.

पाच महिन्यांच्या आत उठलेली बंदी

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातल्या पहिल्या अनुसूचीत वाघ, हत्ती असे प्राणी आहेत. त्यांची शिकार करणे, त्यांचे मांस किंवा अवयव बाळगणे, विकणे हा तुरुंगवासाला पात्र गुन्हा आहे. या यादीत बराच काळ एकही मासा नव्हता. मे २००१ मध्ये पहिला मासा आला, तो व्हेल शार्क. जगातला सर्वांत मोठा मासा.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ११ जुलै २००१ रोजी, केंद्र सरकारने सगळ्याच शार्क आणि पाकट जाती एकदम पहिल्या अनुसूचीत टाकल्या. कागदावर हे एका ओळीचे काम होते. बंदरावर त्याचा अर्थ वेगळा झाला. शार्क आणि पाकट यांच्या भारतीय समुद्रात शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांत हातभर लांबीची लहान मुशी येते, कानमुशी येते, पाकटाचे अनेक प्रकार येतात. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत हजारो होड्यांच्या जाळ्यांत हे मासे रोज येतात. जुलैत पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या समुद्रात जाणार, तोवर त्यांच्या नेहमीच्या मासळीपैकी एक मोठा गट वाघाच्या रांगेत जाऊन बसला होता.

साहजिकच किनाऱ्यावर असंतोष उसळला. मच्छीमार संघटनांनी विचारले, की जाळे टाकताना खाली काय आहे ते आम्हाला दिसते का? आणि आधी आम्हाला कोणी विचारले का? सरकारला फेरविचार करावा लागला. ५ डिसेंबर २००१ रोजी दुरुस्ती झाली आणि यादीत फक्त १० जाती उरल्या. व्हेल शार्क, करवती माशाच्या तीन जाती, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क, भाल्यासारख्या दातांची एक शार्क, राक्षसी गिटार मासा आणि दोन पाकट. बाकी सगळ्या जाती पुन्हा खुल्या झाल्या.

म्हणजे आपल्या पंगतीतल्या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे इथवर बरोबर. पण बंदी उठली तेव्हा एक गोष्ट राहून गेली. कोणत्या जातीचे मासे किती शिल्लक आहेत, दरवर्षी किती काढले तर चालतील, किती लहान असताना पकडू नयेत, यातले काहीच ठरवले गेले नाही. बंद करताना मोजले नव्हते, उघडतानाही मोजले नाही.

मुशी आणि बांगडा यांत फरक काय?

कोणी म्हणेल, बांगडा रोज पकडतात, तो संपत नाही, मग मुशीचीच एवढी काळजी का? उत्तर त्यांच्या प्रजननात आहे.

बांगड्याची किंवा तारलीची मादी एका हंगामात हजारो अंडी पाण्यात सोडते. त्यातली बहुतेक फुकट जातात, तरी उरतात ती पुष्कळ असतात. तारली-बांगडा वर्षभरात वाढून प्रजननाला तयार होतो. एखादे वर्ष वाईट गेले तरी दोन-तीन चांगल्या वर्षांत भर निघते. शार्कचे तसे नाही. आपल्याकडच्या बऱ्याच शार्क पिल्लांना जन्म देतात. गर्भ मादीच्या पोटात नऊ महिने ते वर्षभर वाढतो. एका वेळी पिल्ले दोन, चार, फार तर दहा-बारा. मोठ्या जाती वयात यायला पाच, सात, काही तर पंधरा वर्षे घेतात. अनेक जाती एक वर्ष सोडून वितात.

हा हिशेब माशापेक्षा गाई-म्हशींच्या जवळचा आहे. गोठ्यातल्या गाई विण्याआधीच विकत गेलो तर गोठा किती वर्षे टिकेल? मोठ्या शार्कच्या बाबतीत समुद्रात तेच होते. म्हणून एकदा घटलेली संख्या भरून यायला दशके लागतात.

पण सगळ्या मुशी सारख्या नाहीत, आणि वादात हेच बहुतेक वेळा विसरले जाते. चपट्या नाकाची लहान मुशी वर्षा-दोन वर्षांत वयात येते. आपल्या बाजारात येणाऱ्या लहान मुशीत हिचा मोठा वाटा असतो. ती व्हेल शार्कची नातेवाईक असली तरी तिचा संसार वेगळा आहे. दोघींना एकच नियम लावणे म्हणजे शेळी आणि हत्ती यांचा एकच वेताचा हिशेब धरणे.

खुली ठेवा, असे म्हणणारे

मासेमारी खुली ठेवा, किंवा यादी आणखी छोटी करा, असे म्हणणाऱ्यांची बाजू आपण शहरातले लोक पटकन झटकून टाकतो. ती नीट ऐकण्यासारखी आहे.

पहिला मुद्दा जाळ्याचा. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जे येईल ते येते. शार्क-पाकट अनेकदा मुद्दाम पकडलेले नसतात, आपोआप आलेले असतात, आणि जाळे वर येईपर्यंत बहुधा मेलेले असतात. मेलेला मासा समुद्रात परत टाकला तर ना तांडेलाला पैसे, ना माशाला जीव.

दुसरा मुद्दा ओळखण्याचा. शंभर जातींत कोणती दहा बंदीची, हे अंधारात, हलत्या डेकवर ओळखायचे कसे? करवती मासा कोणीही ओळखेल. पण गंगा शार्क आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी शार्क यांत तज्ज्ञांचाही गोंधळ होतो. याचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ससून डॉकवर गंगा शार्कची एक मादी आढळली, लांबी २.६६ मीटर. जगातल्या अत्यंत दुर्मीळ शार्कपैकी ही एक, आणि तिची नोंद झाली ती मासळीच्या ढिगात, अभ्यासकांची नजर पडली म्हणून. तिला आणणाऱ्याला ती कोण हे ठाऊक असण्याची शक्यता फार कमी.

तिसरा मुद्दा पोटाचा. शार्कचे पर परदेशात महाग जातात, पण मांस इथेच खाल्ले जाते, आणि ते सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्त असते. सुकवलेली मुशी ही किनाऱ्यावरच्या गरीब घरांची पावसाळ्यातली बेगमी आहे. सरसकट बंदीचा फटका आधी त्या घरांना बसतो.

बंद ठेवा, असे म्हणणारे

दुसऱ्या बाजूचे पहिले उत्तर असे, की जाळ्यात आपोआप येणारा मासाही संपतोच. करवती माशाचे बघा. त्याचे करवतीसारखे तोंड कोणत्याही जाळ्यात अडकते. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर तो नेहमी मिळायचा, म्हाताऱ्या कोळ्यांच्या बोलण्यात अजून येतो. आज तो दिसला तर बातमी होते. त्याला कोणी ठरवून संपवले नाही. जाळी वाढली आणि तो उरला नाही.

दुसरे असे, की शार्क पकडणाऱ्या देशांत भारत गेली अनेक वर्षे अगदी वरच्या क्रमांकांत आहे. आणि परांचा व्यापार असा, की त्यात मासा जितका दुर्मीळ तितका भाव जास्त. सरकारने २०१३ साली पर कापून धड समुद्रात फेकण्यास मनाई केली, म्हणजे शार्क आणायची तर परांसकट अख्खी आणायची. २०१५ साली परांची निर्यातच बंद केली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस करारातही २०१३ पासून कानमुशीसारख्या जाती येत गेल्या. २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिने संरक्षित शार्क-पाकटांच्या यादीत आणखी जातींची भर घातली. म्हणजे पंगतीतल्या पहिल्या काकांचेही म्हणणे पोकळ नव्हते. २००१ च्या डिसेंबरात उघडलेले दार काही जातींसाठी पुन्हा लागले आहे, आणि किनाऱ्यावर जुना प्रश्न पुन्हा विचारला जातो आहे.

आपल्याच किनाऱ्यावरची लेक

बंदी टिकायची असेल तर काय लागते, हे बघायला आपल्याला लांब जायला नको. सौराष्ट्राचा हा किनारा बडोदेकरांना परका नाही. द्वारका आणि ओखा असलेले ओखामंडळ, तसेच कोडिनार हे गायकवाडांच्या राज्याचे भाग होते. सयाजीराव महाराजांच्या काळात जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाने ओखामंडळाच्या समुद्रजीवांवर बडोदे सरकारसाठी दोन अहवाल लिहिले, १९०९ आणि १९१६ साली. समुद्रातून काही काढण्याआधी तिथे काय आहे ते बघावे, ही समज आपल्या राज्यात शंभर वर्षांपूर्वीही होती.

याच किनाऱ्यावर, वेरावळ, मांगरोळ, ओख्याकडे, १९९० च्या दशकात व्हेल शार्कची शिकार जोरात होती. आधी तिच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला चोपडायला वापरत. मग मांसाला परदेशी मागणी आली. मोठे गळ मारून त्यांना पिंपे बांधायची, म्हणजे मासा खोल जाऊ शकत नाही आणि दमतो. त्यावरून तिथे माशाचे नावच 'बॅरल' पडले. शेकड्यांनी मारले गेले. हा मासा तसा निरुपद्रवी, तोंड उघडून प्लवक गाळून खाणारा. वयात यायला मात्र पंचवीस-तीस वर्षे लागतात. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्ले सापडली होती. अशी एक मादी मारली की किती जातात, हे त्यावरून कळते. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ही शिकार जगासमोर आणली आणि २००१ साली कायदा झाला.

पण नुसत्या कायद्याने काम होण्यासारखे नव्हते. खारवा समाजातल्या कितीतरी लोकांना बंदीची माहितीच नव्हती. २००४ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरात वनविभाग यांनी बंदराबंदरांतून मोहीम चालवली. मोरारीबापू त्यात उतरले. त्यांनी लोकांना सांगितले, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे. माहेरवाशिणीला कोणी मारते का? तिचे नाव ठेवले 'व्हाली', म्हणजे लाडकी. ही उपमा मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

त्याला व्यवहाराची जोड मिळाली हे महत्त्वाचे. व्हेल शार्क जाळ्यात अडकली तर तिला सोडवायला जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे होडीवाल्याचे भांडवल. सरकारने कापलेल्या जाळ्यासाठी भरपाई देऊ केली, सुरुवातीला २५,००० रुपयांपर्यंत. मच्छीमारांना कॅमेरे दिले, सोडवताना फोटो काढा, भरपाई मिळेल. वनरक्षकाने समुद्रात पहारा द्यायची गरज उरली नाही. ज्यांचे आजोबा-वडील पिंपे बांधायचे, त्यांनीच आजवर नऊशेहून अधिक व्हेल शार्क जाळी कापून सोडल्या आहेत.

जुलै २००१ ची सरसकट बंदी आणि व्हेल शार्कवरची बंदी, दोन्ही एकाच कायद्यातल्या, एकाच वर्षातल्या. पहिली पाच महिने टिकली नाही, दुसरी वीस वर्षांहून अधिक टिकली. दुसरीत एकच मासा होता, तो कोणालाही ओळखता येत होता, आणि नुकसान कोण सोसणार याचे उत्तर दिले गेले.

उघडायचे तर कसे?

आता उलट बाजू. बंदीने माशांची संख्या खरोखर वाढली तर मासेमारी उघडायची कशी? अमेरिकेतल्या फ्लोरिडात हा वाद अनेक वर्षे चालला. तिथला मासा आपल्या गोब्ऱ्याचा अवाढव्य भाऊबंद, गोलायथ ग्रूपर. आठ फूट लांब, वजन ३५० किलोपर्यंत. फार पकडल्याने तो इतका कमी झाला, की १९९० साली त्याची मासेमारी पूर्ण बंद केली. तीस वर्षांत तो बराच सावरला. मग गळ टाकणारे हौशी मच्छीमार म्हणू लागले, की हा आमच्या गळाला लागलेले मासे पळवतो, आता बंदी उठवा. पाणबुडे म्हणाले, की त्याला बघायला लोक पैसे देऊन येतात, तो जिवंतच जास्त मोलाचा. अभ्यासकांनी दाखवून दिले, की त्याचे मुख्य खाणे खेकडे आहे, आणि एकूण संख्येचा खात्रीलायक अंदाज अजून कोणाकडे नाही.

तिथल्या आयोगाने २०१८ साली मागणी बाजूला ठेवली. मार्च २०२२ मध्ये मर्यादित परवानगी दिली, ती अशी : साऱ्या राज्यात मिळून वर्षाला २०० मासे, परवाने सोडतीने. हंगाम १ मार्च ते ३१ मे. लांबी २४ ते ३६ इंचांच्या आत, म्हणजे विणारे मोठे मासे सुरक्षित. आग्नेय किनाऱ्याचा जो भाग पाणबुड्यांचा, तिथे बंदी कायम. आणि पकडणाऱ्याने पराचा तुकडा व माहिती अभ्यासकांना द्यायची. हा निर्णयही सर्वांना पटला नाही. खारफुटीतून नुकत्या बाहेर पडलेल्या तरुण माशांवरच घाला का, असा आक्षेप आजही आहे. पण आकडा चुकीचा ठरला तर तो पुढच्या वर्षी बदलता येतो, कारण किती काढले ते कागदावर आहे.

फ्लोरिडाची नक्कल आपल्याला करता येणार नाही. तिथे प्रश्न हौशी गळाचा होता, इथे हजारो कुटुंबांच्या रोजीचा आहे. सोडतीने मुशी वाटता येणार नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच, की दार उघडायचे तर किती उघडले ते ठाऊक हवे.

मग आपण काय म्हणावे?

माझे मत असे. 'शार्कवरची बंदी उठवावी का' हा प्रश्नच चुकीच्या मापाचा आहे. प्रश्न जातीजातीचा आहे. करवती मासा, गंगा शार्क, व्हेल शार्क यांच्या बाबतीत उठवण्याची चर्चासुद्धा आज होऊ नये. उठवून पकडायला तिथे काही शिल्लकच नाही, किंवा जे आहे ते सावरायला आपले आयुष्य जाईल. लवकर वाढणाऱ्या लहान मुशीवर सरसकट बंदी घालणे मात्र कोळ्यावर अन्याय आहे, आणि त्याने कायद्याचा धाकही जातो. मधल्या जातींसाठी आकाराची मर्यादा, विण्याच्या जागांना हंगामी विश्रांती आणि बंदरावर रोजची मोजणी हवी. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था ही मोजणी करते, तिचे आकडे निर्णयाच्या टेबलावर आधी आले पाहिजेत. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, ते पाऊल याच दिशेचे आहे. आणि दुर्मीळ मासा सोडणाऱ्याला व्हालीसारखी भरपाई हवी. देशाच्या वतीने जो जाळे कापतो, त्याने एकट्याने का सोसावे?

बंद करून पुन्हा उघडणे ही कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. गोवा-महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी दरवर्षी बंद असते. कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी पावसाळ्यात होडी ओढून ठेवत आला आणि नारळी पौर्णिमेलाच समुद्रात उतरत आला. ती शिस्त टिकली, कारण तिचे कारण त्याला पटलेले होते.

राहिला पंगतीतला मूळ प्रश्न, मुशी घ्यावी की नाही. यादीत नसलेली मुशी विकणे-घेणे गुन्हा नाही. पण यादीतली जात तुकडे करून विकली तर आपल्याला ओळखता येणार नाही. म्हणून अख्खा मासा बघूनच घ्या. नाव विचारा, विक्रेत्याला सांगता येत नसेल तर पुढे चला. मोठ्या शार्कचे काप टाळा. आणि वीतभर लांबीची पिल्ले मुशी म्हणून वाट्याने लावलेली दिसली तर ती घेऊ नका. त्यांतल्या काही मोठ्या जातींची बाळे असतात. कोळणीशी दोन वाक्ये जास्त बोला, तिला या विषयातले आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

बाळंतिणीसाठी मोरी आणणाऱ्या आज्यांना हे गणित कोणी सांगितले नव्हते, कारण तेव्हा त्याची गरज पडली नव्हती. आता पडली आहे. आपल्या नातवंडांच्या घरी बारसे होईल तेव्हाही बाजारात मुशी मिळावी, एवढी माफक इच्छा असेल तर हा विषय पंगतीत पुन्हा काढायला हरकत नाही. या वेळी वाद थोडा अधिक माहितीने होईल.